चौथऱ्यावर कोण, पायथ्याशी कोण

आश्विन पौर्णिमेच्या रात्री आपल्या घरांतून दूध आटते. अंगणात सतरंज्या पडतात, केशर-वेलदोड्याचा वास सुटतो, चंद्र दुधात दिसावा म्हणून लहान मुलांची पातेल्याभोवती दाटी होते. याच पौर्णिमेला, आपल्यापासून फार दूर नसलेल्या केरामेरीच्या डोंगरांत जोडेघाट येथे, गोंड आणि कोलाम कुटुंबे गाड्याघोड्यांनी आणि पायी जमतात, कारण १९४० साली कोमराम भीम तेथे निजाम सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला, आणि त्याचा स्मृतिदिन ते लोक तारखेने नव्हे, तिथीने पाळतात. एकाच चंद्राखालचे हे दोन उत्सव इतकी वर्षे शेजारी नांदले. पण आपल्यापैकी कितीजणांना या दुसऱ्या पौर्णिमेची आठवण होत असे? आम्हांला स्वतःला ती फार उशिरा झाली, हे आरंभीच सांगून टाकतो.

आठवण झाली ती भक्तीने नव्हे, तर वादाने. २०१६ साली जोडेघाटला भीमाचे भव्य स्मारक आणि आदिवासी संग्रहालय उभे राहिले. त्याच वर्षी जुना आदिलाबाद जिल्हा विभागला जाऊन आसिफाबादच्या जिल्ह्याला त्याचे नाव मिळाले. हैदराबादच्या टँक बंडवर त्याचा पुतळा त्यापूर्वीच बसला होता. हाती बंदूक, डोक्यास मुंडासे, दृष्टी दूरवर अशी त्याची मूर्ती आता चौकाचौकांतून दिसते. मग २०१७ मध्ये, स्मृतिदिनाच्याच सुमारास, त्या संग्रहालयात ठेवलेल्या लंबाडा प्रतिमेवरून ठिणगी पडली. आमच्या वीराच्या घरात ही मूर्ती कशासाठी, असा गोंडांचा आक्षेप होता; मूर्तीची विटंबना झाली, तंटा वाढत गेला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात उटनूर परिसरात दोन समाज एकमेकांवर उठले. इंटरनेट बंद, शाळा बंद, रस्त्यावर पोलीस, हे सर्व आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

आमची पहिली प्रतिक्रिया येथील बहुतेक मराठी घरांतली होती, तीच होती. किती हा संकुचितपणा! एक मूर्ती असली तर काय बिघडते? सगळ्यांनाच जागा द्यावी. आज त्या उद्गाराची आम्हांस थोडी शरम वाटते, आणि ती का वाटते याचा शोध घेणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम लंबाडांची, म्हणजे आपल्या बोलीत बंजाऱ्यांची, बाजू नीट मांडली पाहिजे, कारण या वादात त्यांना नुसते उपरे ठरविणे सोपे आणि अन्यायाचे आहे. लमाणांचे तांडे दख्खनच्या वाटांवर शतकानुशतके मीठ आणि धान्य वाहत होते. रेल्वेने त्यांचा धंदा बुडवला तेव्हा ते जागोजाग जमिनीला चिकटले. त्यांच्या वाट्यालाही सावकार, फॉरेस्ट गार्ड आणि दुष्काळ हेच आले. मात्र १९७६ च्या कायद्याने तेलंगणातील लंबाडांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला आणि नदीपलीकडे महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त व भटक्या जमातींच्या यादीत राहिला. पैनगंगेच्या अलीकडे एक हक्क आणि पलीकडे दुसरा, अशी ही रेषा पडल्यावर अलीकडे येणाऱ्यांची संख्या वाढली नसती तरच नवल. राखीव जागा, वसतिगृहे, नोकऱ्या, आणि सर्वांत मुख्य म्हणजे एजन्सी क्षेत्रातील जमीन, यांत आपला घास कमी होत चालला असे गोंडांना वाटू लागले. अशा वेळी संग्रहालयातली मूर्ती ही मूर्ती राहत नाही. ती दाखला होते. सरकारने काचेमागे ठेवलेला जातीचा दाखलाच जणू! ‘आम्हीही येथलेच’ असे ती म्हणते आणि ज्याच्या पोराची जागा गेली त्याला ते वाक्य टोचते.

तेव्हा ‘सगळ्यांना जागा द्या’ हे उत्तर वरवर उदार दिसले तरी ते प्रश्न सोडवत नाही; प्रश्न जमिनीवरून उचलून चौथऱ्यावर ठेवते, इतकेच. जमिनीचा वाटा देता येत नाही म्हणून शिल्पात वाटा द्यायचा, ही सरकारांची जुनी रीत आहे. शिल्पाला खर्च कमी आणि उद्घाटनाला हार जास्त.

शिल्पात वाटा मिळाला म्हणजे मान मिळाला, असेही नाही. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयासमोर थिओडोर रूझवेल्ट यांचा अश्वारूढ पुतळा होता. त्याचे अनावरण १९४० सालचे, म्हणजे जोडेघाटच्या गोळीबाराच्याच वर्षीचे. घोड्यावर अध्यक्ष, आणि घोड्याच्या दोन बाजूंना पायी चालणारे दोघे, एक अमेरिकेचा मूळनिवासी आणि एक आफ्रिकी. शिल्पात तिन्ही वंशांना ‘जागा’ होती, यात शंका नाही. पण एकाला खोगीर आणि दोघांना धूळ, ही ती जागा. अनेक वर्षांच्या आक्षेपांनंतर २०२२ च्या जानेवारीत तो पुतळा तेथून हलविण्यात आला. समावेश कोणाचा झाला हे विचारून भागत नाही. कोणत्या उंचीवर झाला हेही विचारावे लागते.

याच्या अगदी उलट प्रकार सान फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत झाला, आणि तो आम्हांला अधिक विचार करायला लावतो. व्हिक्टर आर्नाटॉफ या चित्रकाराने १९३६ साली जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलच्या भिंतींवर वॉशिंग्टनच्या जीवनाची चित्रे काढली. चित्रकार डाव्या विचारांचा. त्याने राष्ट्रपित्याच्या मळ्यात राबणारे गुलाम दाखविले आणि पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकऱ्यांच्या पायांशी एका मूळनिवाशाचे प्रेत दाखविले. खोटी पूजा नको, खरे दाखवू, हा त्याचा हेतू स्पष्ट होता. तरी ज्या मुलांना रोज दप्तर घेऊन त्या प्रेताजवळून वर्गात जावे लागे, त्यांच्यातल्या मूळनिवासी मुलांना ते सत्य आपल्याच मढ्यासारखे वाटले. २०१९ मध्ये शाळामंडळाने चित्रांवर रंग फासण्याचा ठराव केला. त्यावर मोठा गदारोळ झाला, कज्जा झाला आणि २०२२ मध्ये ठराव मागे घेण्यात आला. सत्य सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी ते सत्य कोणाच्या देहावर रंगविले जाते, हा प्रश्न उरतोच.

परदेशाचे दाखले देणे सोपे असते. तेथे आपले कोणी नसते. आपल्या मुलखाकडे वळले की जीभ जड होते. पुण्याच्या लाल महालात बाल शिवाजी, जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव असे समूहशिल्प होते. २०१० च्या डिसेंबरअखेर महापालिकेने त्यातून दादोजींचा पुतळा रात्रीत उचलला. २०१७ च्या जानेवारीत संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा काही तरुणांनी उखडून मुठेत टाकला. त्या दिवसांत आपल्या मंडळाच्या बैठकीतही काय शब्द उठले होते, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. बसलेल्यांत दोन्ही बाजूंचे लोक होते आणि दोन्ही बाजू इतिहासाविषयी बोलत असल्या तरी आवाज चढत होता तो आडनावांवरून. आम्ही त्या वेळी गडकऱ्यांच्या बाजूने बोललो, आणि आजही एखाद्या नाटककाराला नदीत टाकणे आम्हांस रानटीपणाच वाटतो. परंतु एक गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात आली नव्हती. गुरू कोणाला म्हणावे, हा प्रश्न विचारणारे लोक पुतळ्याशी भांडत नव्हते. शाळेच्या पुस्तकात आपल्या पूर्वजांना शिकविणारा नेहमी दुसराच का असतो, हे ते विचारत होते. मार्ग चुकीचा होता. म्हणून त्यांचा प्रश्नही चुकीचा ठरत नाही.

हैदराबादेतही १० मार्च २०११ रोजी टँक बंडवरील डझनाहून अधिक पुतळे फोडले गेले, त्यांत श्रीश्रींसारख्या कवीचाही होता. वेगळ्या तेलंगणाची मागणी करणाऱ्यांचे म्हणणे असे की, या रांगेत आमची माणसे कोठे आहेत? आपण मराठी माणसे त्या भांडणात प्रेक्षक होतो. आंध्र-तेलंगणाच्या तंट्यात आपला हिशेब कोणी मांडत नव्हता, म्हणून आपल्याला न्यायाधीशाची खुर्ची सहज मिळाली आणि ती फार सुखाची वाटली. जोडेघाटच्या बाबतीत ती खुर्ची आपल्याला मिळणार नाही.

का मिळणार नाही, ते स्पष्ट लिहायला हवे.

भीमाच्या कथेत मराठी माणूस दोनदा येतो. लोक सांगतात आणि कादंबरीतही आले आहे की, जमिनीच्या तंट्यात हातून खून घडल्यावर तो चांद्याकडे पळाला आणि तेथे छापखाना चालविणाऱ्या विठोबा नावाच्या माणसाने त्याला आसरा दिला, अक्षरओळख करून दिली. हा विठोबा आपल्याला आवडतो. सभासंमेलनांतून आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो. आम्हीही घेतले आहे. दुसरा मराठी माणूस मात्र आपण सांगत नाही. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ त्या उठावानंतर निजाम सरकारच्या सांगण्यावरून गोंडांत राहिले. उठाव का झाला याची कारणे त्यांनी शोधली आणि पुढे चाळीस वर्षांनी पुन्हा येऊन काय झाले तेही लिहिले. बल्लारशा-काझीपेठ रेल्वे झाली, रस्ते झाले, आणि त्या रस्त्यांनी आलेल्यांनी, त्यांत वऱ्हाड-मराठवाड्यातून आलेली आपली माणसे बरीच, गोंडांनी तोडून वहिवाटीस आणलेल्या जमिनींचे पट्टे आपल्या नावावर करून घेतले. गोंडाकडे कुऱ्हाड होती, कागद नव्हता. आपल्याकडे कागद होता. देशमुखी-देशपांडेपणाची वतने असोत, गावची पटवारकी असो की नुसता उधारीचा व्यापार, लेखणी आपल्या हाती होती. भीमाच्या गोष्टीत बंदूक निजामाच्या पोलिसांची आहे. पण बंदूक तेथवर येण्याआधी पुष्कळ काम लेखणीने केले होते.

इंद्रवेल्लीला तर आपण अधिकच जवळ आहोत. २० एप्रिल १९८१, सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कुली संघाच्या सभेला परवानगी नाकारलेली, तरी माणसे डोंगरांतून उतरत राहिली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा. गोंडांच्या तोंडी तो कितीतरी मोठा आहे. मागणी काय होती? जमिनीचे पट्टे आणि बाहेरच्यांनी बळकावलेल्या जमिनी परत. बाहेरचे म्हणजे कोण, हे त्या दिवशी बाजारात दुकान मांडून बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे टेकडीजवळ हुतात्म्यांचा स्तंभ उभारला गेला, १९८६ मध्ये तो उद्ध्वस्त करण्यात आला, १९८७ मध्ये पुन्हा बांधला गेला. त्यानंतरही कितीतरी वर्षे २० एप्रिलला तेथे जमावबंदी असे आणि स्वतःच्या मृतांना फूल वाहायला लोकांना पोलिसांचे कडे ओलांडावे लागे. पुतळे पाडण्याच्या गोष्टींत सुशिक्षितांचा जो संताप आपण ऐकतो, तो या स्तंभाच्या वेळी कोणत्या मराठी पत्रिकेत उमटला? आपल्या पत्रिकेत उमटला नाही.

आपले जुने लोक यावर जे म्हणतील ते आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यातले बरेच खरे आहे. सगळ्यांनी फसविले नाही. पुष्कळांनी रोख मोजून जमीन घेतली, विहिरी खणल्या, मुरमाड रानात कापूस पिकवला, हिवतापाने मुले गमावली. १९७० च्या विनियमाने एजन्सी क्षेत्रातील गैरआदिवाशाच्या ताब्यातली जमीन आदिवाशाकडूनच आली असे गृहीत धरले, आणि उलट सिद्ध करण्याचा भार प्रामाणिक माणसाच्याही खांद्यावर टाकला. त्यात काही गरीब कुणबी कुटुंबेही भरडली गेली. नाते केवळ सावकाराचेच होते असेही नाही. परधान घरात मराठी बोलतात आणि गोंडांच्या देवांची गाणी किकरीवर गोंडीत गातात. दोन भाषांमधला तो पूल आपल्या कोणत्याही साहित्य मंडळापेक्षा जुना आहे. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा मराठी अधिकारी या जिल्ह्यात आला, गोंडी आणि कोलामी शिकला, त्या भाषांची व्याकरणे त्याने लिहिली. मारलवाईच्या शाळेपासून सुरू झालेल्या प्रयत्नात गोंडी मुलांची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. आपण कोण्या परदेशातून आलो नाही.

हे सारे मान्य केले तरी एक अडचण राहते. आपण विठोबा, पगडी आणि परधान सांगतो ते कशासाठी? त्या थोरांच्या आडोशाला बाकीच्या वह्या दिसू नयेत म्हणून तर नव्हे? चौथऱ्यावर पगडी बसवून पायथ्याशी सावकार लपविता येतो.

म्हणून मूर्तीच्या वादाकडे परत येतो. जोडेघाटला एक घोटाळा मुळातच झाला, असे आम्हांस वाटते, आणि तो वास्तू बांधणाऱ्यांनी केला. एकाच आवारात स्मारकही ठेवले आणि संग्रहालयही. स्मारक हे सुतकाचे ठिकाण आहे. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याने तेथे कोणाला बसवायचे ते ठरवावे. शेजाऱ्याने आपल्याही आजोबांचा फोटो तेथे लावा म्हणू नये, मग ते आजोबा कितीही सज्जन असोत. संग्रहालयाचा धर्म निराळा. त्या मुलखात जे जे राहिले, राबले, लुबाडले गेले आणि ज्यांनी लुबाडले, ते सर्व तेथे दिसले पाहिजेत, नाहीतर ती शोभेची खोली होते. लंबाडा प्रतिमा स्मारकात आली म्हणून गोंडांना लागली. संग्रहालयात ती नसणे हेही खोटेच. दोहोंमध्ये एक भिंत असती तर कदाचित उटनूरच्या रस्त्यावर रक्त सांडले नसते. कदाचित, असे आम्ही जपून म्हणतो, कारण मूळ दुखणे जमिनीचे आहे आणि भिंतीने जमीन वाढत नाही.

चित्रपटाच्या वादात हाच गोंधळ वेगळ्या रूपाने दिसला. २०२० च्या ऑक्टोबरात ‘आरआरआर’च्या झलकेत भीम डोळ्यांत सुरमा आणि डोक्यावर मुसलमानी टोपी घालून आला आणि आदिलाबादेतून निषेध उठला. ज्याच्या राज्याशी लढून तो मेला त्याच राज्यकर्त्यांची टोपी त्याला का, असा प्रश्न गोंडांनी विचारला, आणि तो विचारण्याचा त्यांचा हक्क आम्ही मानतो. कथेतील तो वेषांतराचा प्रसंग होता, हे २०२२ मध्ये चित्रपट आल्यावर कळले. तरीही मृताच्या घरच्यांना आधी विचारायला हवे होते. परंतु त्या निषेधात मिसळलेले काही आवाज भीमासाठी नव्हते. त्यांना टोपीशी भांडायचे होते, भीम हाताशी लागला इतकेच. घरच्यांचा हक्क मान्य करताना त्याच्या आडून आलेल्यांना दार उघडू नये, एवढे भान प्रेक्षकानेही ठेवावे.

मग जोडेघाटात आपली जागा कोणती? मूर्तीची तर नाहीच. मंडळाच्या गेल्या बैठकीत एका तरुण सभासदाने, इतर समाजांच्या मूर्ती येतात तर मराठी भाषकांच्या योगदानाचे एखादे शिल्प का नको, असा प्रस्ताव मांडला होता. हेतू चांगला होता, पण आम्ही विरोध केला आणि त्याचे कारण तेव्हा नीट सांगता आले नाही म्हणून येथे सांगत आहोत. आपले योगदान शिल्पात कोरण्याजोगे आहे की नाही हे आपण ठरवायचे नसते. आणि दगड मागायला जाण्याआधी आपल्याजवळ जे आहे ते द्यावे. आपल्याजवळ वह्या आहेत.

यावर हसू येईल, पण थोडे थांबून आठवावे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरामागच्या पेटीत, कापडात गुंडाळलेली गहाणखते, पावत्या, मोडीतल्या खतावण्या अजून आहेत. ज्वारीच्या एका पोत्यापुढे व्याज कसे चढत गेले, बैलजोडी केव्हा गेली, शेत केव्हा गेले, हे त्यांत तारखेनिशी आहे, आणि खाली अंगठा आहे. त्या अंगठ्याच्या वारसांना हा कागद कधी वाचता आला नाही, कारण लिपी आपली होती. जोडेघाटच्या कपाटात भाले, नगारे, दागिने आहेत. ज्याच्यामुळे भाला उचलावा लागला, तो कागद तेथे नाही.

मेस्राम कुळाने केसलापूरला नागोबाचे नवे दगडी मंदिर स्वतःची वर्गणी काढून बांधले आणि २०२२ च्या डिसेंबरात प्राणप्रतिष्ठा केली. सरकारी चौथऱ्याची त्यांनी वाट पाहिली नाही. त्या सोहळ्याला आपल्यातील काही कुटुंबे गेली होती, नारळ वाहून आणि पंगतीत जेवून आली. पुष्य अमावास्येच्या जत्रेला आपण पिढ्यान्‌पिढ्या जातच असतो, पाल मांडून विकायला जातो.

आमच्या घरातील पेटी आम्ही या दिवाळीपूर्वी उघडली. वाळवीने निम्मे खाल्ले होते. उरलेल्यांत सतरा खते निघाली. मोडी वाचणारे आपल्या मंडळात आता दोघेच उरले आहेत. त्यांनी चार वाचून दिली, पाचव्यावर आमच्या चुलत्यांनी हरकत घेतली. त्यातले शेत अजून आमच्या कुटुंबाच्या वहिवाटीत आहे, उद्या कोणी दावा लावला तर, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. वकिलाचा सल्ला घ्यावा असे घरात ठरले आहे, आणि तोवर पाचवे खत पुन्हा कापडात बांधून ठेवले आहे. उरलेली चार या अंकाच्या वाचकांना मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी पाहता येतील.